थोरांची ओळख : ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर

आपल्या निपाणी-बेळगाव भागातील कितीतरी कुटुंबे दरवर्षी सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जातात. तेथून आणखी पूर्वेला गेले की नरगुंद लागते. गावाच्या डोक्यावर डोंगरी किल्ला आहे. आज हे गाव गदग जिल्ह्यात मोडते. याच नरगुंदात १८ जानेवारी १८५४ रोजी व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म झाला. पंचांगाच्या अभ्यासकांना हे नाव नवे नाही. परंतु आमच्या शाळेतील मुलांना ते ठाऊक असते ते एकाच कारणाने : प्लूटो ग्रहाचा शोध आपल्या भागातील एका मास्तरांनी लावला, असे त्यांनी कुठेतरी वाचलेले किंवा ऐकलेले असते. हे विधान कितपत खरे आहे हे नीट तपासून सांगावे, असे आम्हांला बरेच दिवस वाटत होते. तपासल्यावर केतकर आमच्या नजरेत लहान झाले नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम एक घोटाळा दूर करू. मराठी ज्ञानकोश लिहिणारे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे वेगळे. वडिलांचे नाव तेच असल्यामुळे अनेकजण त्यांना आपल्या केतकरांचे चिरंजीव समजतात. ज्ञानकोशकारांचा जन्म रायपूरचा, आणि त्यांचे आईवडील त्यांच्या लहानपणीच वारले. आपले केतकर १९३० पर्यंत हयात होते.

व्यंकटेशांचे वय चार वर्षांचे असताना नरगुंदवर मोठे संकट आले. तेथील संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे यांना पुत्र नव्हता आणि इंग्रजांनी दत्तक घेण्यास परवानगी नाकारली. १८५८ च्या मे महिन्यात त्यांनी बंड पुकारले. सुरेबान येथे मॅन्सन नावाचा इंग्रज अधिकारी मारला गेला. इंग्रजी फौजेने नरगुंद घेतले, संस्थान खालसा झाले आणि १२ जून १८५८ रोजी बाबासाहेबांना आपल्या बेळगावात फाशी देण्यात आले. ज्या गावातील राजाश्रय असा एका महिन्यात संपला, त्या गावचा हा मुलगा पुढे सरकारी शिक्षण खात्यात मास्तर झाला. त्या वेळी बेळगाव, धारवाड, विजापूर हे सारे जिल्हे मुंबई इलाख्यात होते. केतकरांची नोकरी याच भागात झाली आणि बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून ते ओळखले जाऊ लागले. मुख्याध्यापकाला दिवसभर काय काय करावे लागते हे आम्ही अनुभवाने जाणतो. हजेरीपत्रके, तपासनिसांच्या भेटी आणि पालकांच्या तक्रारी यांतून उरलेल्या वेळात या गृहस्थांनी जे काम केले, ते पाहून आम्हांला आजही नवल वाटते.

काम होते पंचांगाचे. आज भिंतीवरची दिनदर्शिका पाहून आपण चतुर्थी कधी आणि ग्रहण कधी ते सांगतो. मात्र त्या तारखा कोणीतरी गणिताने काढलेल्या असतात. त्या काळी महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात बहुतेक पंचांगे ग्रहलाघव या ग्रंथावरून होत. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो १५२० च्या सुमारास लिहिला. मोठमोठी त्रिकोणमिती टाळून साध्या बेरीज-गुणाकाराने ग्रहांची स्थाने काढता यावीत, अशी त्याची सोय होती. ग्रंथ अतिशय हुशारीने केलेला आहे. पण घड्याळ दिवसाला एक सेकंद जरी पुढे जात असले तरी काही वर्षांनी त्यावर विसंबून गाडी पकडता येत नाही. साडेतीनशे वर्षांत ग्रहलाघवाचेही तसेच झाले. पंचांगात लिहिलेली ग्रहाची जागा आणि आकाशात दिसणारी जागा यांत फरक पडू लागला.

ही अडचण दूर करण्यासाठी पुण्याचे प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या गणितावरून १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या नावाचे पंचांग निघू लागले. केतकर या वाटेने आणखी पुढे गेले. युरोपात तयार झालेले ग्रहगतीचे नवे, अधिक सूक्ष्म गणित त्यांनी आत्मसात केले आणि ते संस्कृतात मांडले. संस्कृतात का, असे मुले विचारतील. पंचांग करणारे जोशी ज्या पद्धतीने पिढ्यान्पिढ्या शिकत होते, त्याच पद्धतीने, पाठ करता येतील अशा श्लोकांतून, त्यांच्या हाती नवे गणित द्यायचे होते. ज्योतिर्गणित, केतकी ग्रहगणित, वैजयंती हे त्यांचे ग्रंथ याच धडपडीतून झाले. केतकी हे नाव आडनावावरून आले, पण ते केवड्याचेही नाव आहे. गणिताच्या ग्रंथाला असे सुगंधी नाव देणारा मनुष्य रुक्ष नसावा, असा आमचा अंदाज आहे. मराठीत त्यांनी नक्षत्रविज्ञान लिहिले, आणि १९२३ मध्ये भारतीय व परदेशी कालगणनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने प्रसिद्ध केला.

त्यांचे नाव घरोघर पोहोचले ते मात्र एका वादामुळे. तो वाद थोडा समजून घ्यावा लागेल. राशिचक्र हे वर्तुळ आहे, आणि वर्तुळाला सुरुवात नसते. ती आपण ठरवायची असते. ती कोठून धरावी? एक पक्ष म्हणत होता की रेवती नक्षत्रातील एका बारीक ताऱ्यापासून. लोकमान्य टिळक या रेवती पक्षाचे होते. केतकरांचे म्हणणे असे की चित्रा हा ठळक तारा घ्यावा आणि त्याच्या बरोबर समोरचा, म्हणजे १८० अंशांवरचा बिंदू आरंभ मानावा. दोन्ही आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. परंतु सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकतो, त्यामुळे मकरसंक्रांत चार दिवसांनी मागेपुढे होते. काही वर्षी तर अधिक मासच बदलतो, आणि एका पंचांगाचे गणपती दुसऱ्या पंचांगाच्या गणपतींच्या महिनाभर आधी बसतात. घरातील सणाचा दिवस कोणता, असा प्रश्न असल्यामुळे वाद जोरात झाला. एका बाजूला देशातील सर्वांत वजनदार पुढारी आणि दुसऱ्या बाजूला बागलकोटचे मास्तर. तरीही केतकरांनी आपली बाजू सोडली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. १९५५ च्या तिच्या अहवालात राशिचक्राचा आरंभ चित्रा ताऱ्याच्या आधारानेच धरण्यात आला. आज देशातील बहुसंख्य पंचांगे चित्रा पक्षाची आहेत. टिळक पंचांग मात्र रेवती पक्षाने चालते, आणि ते पाळणारी घरेही आहेत.

आता प्लूटोकडे वळू. येथे आमच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

गुरूला पुष्कळ चंद्र आहेत. त्यांतील आयो, युरोपा आणि गॅनिमीड हे तीन मोठे चंद्र एका तालात फिरतात. गॅनिमीडची एक फेरी होईपर्यंत युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार फेऱ्या होतात. भजनात टाळ, मृदंग आणि वीणा आपापल्या गतीने चालतात, पण समेवर एकत्र येतात, तसाच हा प्रकार. फ्रेंच गणिती लाप्लास यांनी या तालाचे नियम शोधून काढले होते. केतकरांना वाटले की जे गुरूच्या चंद्रांत आहे ते सूर्याच्या ग्रहांतही असावे. युरेनस आणि नेपच्यून हे शेवटचे दोन ग्रह अशाच तालात असतील, तर त्या तालातील पुढचा गडी कोठे असेल हे गणिताने सांगता येईल. त्यांनी ते गणित केले आणि १९११ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या ज्योतिर्विज्ञान संस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध केले. नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर एक धरले तर ब्रह्माचे सरासरी अंतर ३८.९५ आणि त्याच्या एका प्रदक्षिणेचा काळ २४२.२८ वर्षे, असे त्यांचे आकडे होते.

नावांवरून एक आठवले. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे युरेनसला अरुण, नेपच्यूनला वरुण आणि प्लूटोला यम म्हणत. मराठीत आल्यावर पाहतो तर युरेनसचा प्रजापती झालेला, आणि प्रजापती म्हणजे ब्रह्मदेवच. म्हणजे मराठी पुस्तकांत ब्रह्मा नेपच्यूनच्या अलीकडे आणि केतकरांच्या लेखात पलीकडे! शिक्षकांनी शिकवताना हे ध्यानात ठेवावे.

पुढे १८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ या शेतकऱ्याच्या चोवीस वर्षांच्या मुलाला आकाशाच्या छायाचित्रांत एक सरकता ठिपका सापडला. १३ मार्च रोजी ही बातमी जगाला कळवण्यात आली. तोच प्लूटो. त्याचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर ३९.४८ आणि प्रदक्षिणेचा काळ सुमारे २४८ वर्षे. केतकरांचे आकडे पुन्हा पाहा. अंतरात दीड टक्क्याहून कमी फरक आहे. केतकर त्याच वर्षी ३ ऑगस्टला विजापूर येथे वारले.

एवढ्यावर पुष्कळजण थांबतात आणि प्लूटोचा शोध केतकरांच्या नावावर लिहून मोकळे होतात. आम्हांला तसे करता येत नाही, आणि त्याची कारणे विद्यार्थ्यांना समजण्यासारखी आहेत.

पहिले असे की ग्रह किती लांब आहे एवढेच कळून तो सापडत नाही. आज तो आकाशात कोणत्या दिशेला आहे हे कळावे लागते. बेळगावपासून सत्तर किलोमीटरवर एक घर आहे, एवढ्या पत्त्यावर पत्र पोहोचत नाही. १८४६ मध्ये नेपच्यून सापडला तेव्हा ल व्हेरिए यांनी दिशा काढून कळवली होती, म्हणून बर्लिनच्या वेधशाळेत पहिल्याच रात्री तो दिसला. केतकरांनी फक्त अंतर आणि काळ दिला होता. दुर्बीण कोठे रोखावी हे त्यात नव्हते. शिवाय अंतर आणि काळ ह्या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत. केप्लरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे अंतराचा घन केला आणि त्याचे वर्गमूळ काढले की वर्षे मिळतात. ३८.९५ चा घन सुमारे ५९,०९१ येतो आणि त्याचे वर्गमूळ सुमारे २४३. ३९.४८ घेऊन करून पाहा, २४८ येईल. तेव्हा अंतर जुळले की काळ आपोआपच जुळतो, ते दोन वेगळे पुरावे होत नाहीत.

दुसरे कारण याहून मोठे आहे. केतकरांनी सांगितलेला दुसरा ग्रह, विष्णू, आजवर सापडलेला नाही. प्लूटो नेपच्यूनशी तालात आहे हे खरे आहे : नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन. पण युरेनस-नेपच्यून-प्लूटो अशी गुरूच्या चंद्रांसारखी साखळी नाही. म्हणजे उत्तर जवळ आले, पण ज्या रीतीने काढले ती रीत येथे लागू पडत नव्हती. अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांचेही तसेच झाले. युरेनसच्या गतीतील बारीक फरकांवरून त्यांनी ग्रहाची जागा काढली आणि प्लूटो त्या जागेजवळच सापडला. पुढे १९७८ मध्ये प्लूटोचा चंद्र सापडल्यावर प्लूटोचे वस्तुमान कळले. ते इतके थोडे निघाले की त्याने युरेनसला हलवणे शक्यच नव्हते. १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ यानाने नेपच्यूनचे वस्तुमान अचूक मोजले आणि युरेनसच्या गतीतील ते फरकही हिशेबात बसले. लॉवेल यांचे यश हा योगायोग होता. २००६ साली तर प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रहांत घातले गेले.

मग केतकरांच्या लेखाचे काय उरले? हा प्रश्न २०२३ पर्यंत असाच राहिला असता तर आम्ही त्यांचे पंचांगाचे काम सांगून हा लेख संपवला असता. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये एक बातमी आली. शाळेच्या वाचनालयात येणाऱ्या वर्तमानपत्रांत ती कोठेतरी आतल्या पानावर होती, म्हणून येथे जरा सविस्तर सांगतो.

आपल्या सूर्यासारख्या दुसऱ्या एका ताऱ्याभोवती ग्रह आहे हे प्रथम १९९५ मध्ये कळले. तेव्हापासून दुसऱ्या ताऱ्यांचे सहा हजारांहून अधिक ग्रह सापडले आहेत. ते स्वतः सहसा दिसत नाहीत. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो, आणि तो ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा कमी झाला की ग्रह ओळखता येतो. सुमारे शंभर प्रकाशवर्षांवर एचडी ११००६७ या क्रमांकाचा एक तारा आहे. त्याला नाव नाही, फक्त यादीतील आकडा आहे. तो सूर्याहून थोडा लहान आणि थोडा थंड, पण साधारण सूर्याच्याच जातीचा. टेस या अमेरिकेच्या उपग्रहाने त्याचा प्रकाश कमी-जास्त होताना टिपला, पण नोंदी तुटक होत्या. कोणती घट कोणत्या ग्रहाची हे जुळेना. युरोपच्या केऑप्स या उपग्रहाने मदत केली आणि तीन ग्रहांचे काळ पक्के झाले : ९.११४ दिवस, १३.६७३ दिवस आणि २०.५१९ दिवस.

आता पेन्सिल पुन्हा हातात घ्या. दुसऱ्याला पहिल्याने भागा, तिसऱ्याला दुसऱ्याने भागा. दोन्ही वेळा दीड येईल. हे तिघे तालात आहेत! संशोधकांनी मग काय केले? गुरूच्या चंद्रांना लागू पडणारे लाप्लासचे नियम घेतले आणि या तालातील पुढचे गडी किती दिवसांनी फिरत असतील याचे गणित मांडले. त्या आकड्यांनुसार जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या. खराब म्हणून बाजूला काढलेल्या नोंदीही साफ करून तपासल्या. ज्या वेळी प्रकाश कमी व्हायला हवा होता त्याच वेळी तो कमी झालेला आढळला. आणखी तीन ग्रह मिळाले : ३०.७९३, ४१.०५८ आणि ५४.७७० दिवसांचे. यांचेही भागाकार करून पाहा. सर्वांत आतला ग्रह सहा फेऱ्या मारतो तेव्हा सर्वांत बाहेरचा एक पुरी करतो. सहाही ग्रह पृथ्वीपेक्षा मोठे आणि नेपच्यूनपेक्षा लहान आहेत.

तीन ज्ञात गड्यांच्या तालावरून चौथा, पाचवा आणि सहावा कोठे असेल हे सांगायचे, ही रीत केतकरांचीच. १९११ साली त्यांनी हाच विचार मांडला होता. त्या संशोधकांनी केतकरांचा लेख वाचून हे केले असे मुळीच नाही. दोघांनीही मूळ आधार घेतला तो लाप्लासचा. पण कल्पना तीच आहे. फरक आहे तो ग्रहांच्या कुटुंबात. ग्रह जन्मतात तेव्हा ते ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीत हळूहळू आत सरकतात, आणि सरकताना एकमेकांच्या ओढीने तालात अडकतात. पुढे कोट्यवधी वर्षांत एखादा मोठा ग्रह धक्के देतो, एखादी टक्कर होते आणि ताल मोडतो. शंभरात एखादेच कुटुंब पहिला ताल टिकवून असते. एचडी ११००६७ चे कुटुंब त्यांतले एक. आपल्या सूर्याच्या ग्रहांत तशी साखळी नाही. केतकरांनी विचार योग्य केला, पण तो लावला अशा घराला जेथे साखळीच नव्हती, आणि त्या काळी तपासायला दुसरे घरच नव्हते. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्यांना ग्रह असतात हेच पुढील चौऱ्याऐंशी वर्षे कोणास ठाऊक नव्हते.

तेव्हा विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर केतकरांचे नाव अवश्य लिहावे. त्यापुढे प्लूटोचे शोधक असे मात्र लिहू नये. ग्रहांच्या तालावरून न दिसलेला ग्रह काढू पाहणारे बागलकोटचे मुख्याध्यापक, असे लिहावे. तक्ता जरा लांबेल, पण आमच्या विज्ञान शिक्षकांना हे मान्य आहे.

ज्यांना हा तारा कोठे आहे ते पाहायचे असेल त्यांच्यासाठी खूण सांगतो. मे महिन्याच्या मध्यावर, उन्हाळी सुट्टीत, रात्री साडेनऊच्या सुमारास अंगणात किंवा गच्चीवर जावे. दक्षिणेकडे तोंड केले की बऱ्याच वर एक पांढरा-निळसर ठळक तारा दिसतो, तो चित्रा. केतकर ज्याच्यासाठी टिळकांशी वाद घालत होते तोच हा. तेथून नजर वर नेत अगदी डोक्यावर आणावी. पश्चिमेला सिंह राशी आणि पूर्वेला तांबूस स्वाती, यांच्यामध्ये अरुंधती केश नावाचा अंधूक ताऱ्यांचा पुंजका आहे. एचडी ११००६७ त्याच भागात आहे. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. गावाबाहेर काळोखात चांगली द्विनेत्री दुर्बीण असेल तर दिसू शकतो. सहा ग्रह मात्र तीतूनही दिसणार नाहीत.